आधी बोंबलाला बर्फ

प्रिय इरा आणि निषाद,

गेल्या महिन्यात तुमचा मेलबर्नहून व्हिडिओवर फोन आला, तेव्हा आजोबा पांढरा सदरा घालून, डोळे पुसत दारात उभे होते आणि मी चपला शोधत होते. इरा, तू विचारलंस कोण गेलं, मी म्हटलं चांगुणाबाई. तू विचारात पडलीस. निषाद मागून म्हणाला, "अगं, ती मासेवाली आजी." मग तुमची क्लासला जायची वेळ झाली, आम्हाला निघायचं होतं, आणि फोन ठेवावा लागला. पण ठेवता ठेवता तू विचारलेलं मला ऐकू आलं होतं... मासे विकणाऱ्या बाईंसाठी आजोबा का रडले? मी अठ्ठावीस वर्षं गणित शिकवलं आहे. कुणी प्रश्न विचारला आणि मी उत्तर अर्धवट सोडून घंटा वाजली म्हणून निघून गेले, असं झालेलं मला आठवत नाही. आता पाच आठवडे झालेत, आजोबाही पुन्हा हसायला लागलेत, तेव्हा बसून नीट लिहिते. शिवाय फोनवर सांगितलेलं तुम्ही विसरता, पण मी पाठवलेलं वर्तमानपत्राचं कात्रण मात्र अक्षर अक्षर लावून वाचता, हे मला तुमच्या आईकडून कळलं आहे. म्हणून हे वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठीच लिहिलं. इतर वाचकांनी वाचलं तर हरकत नाही, पण ते तुमच्याकरता आहे.

त्या सकाळी नऊच्या सुमारास चांगुणाबाईंच्या सुनेचा, रंजनाचा, फोन आला होता. चांगुणाबाईंनी चहा घेतला, कप खाली ठेवला, सुनेला सांगितलं की आज साखर कमी पडली, आणि भिंतीला टेकून बसल्या त्या बसल्याच. ऐंशीच्या पुढे वय होतं. रंजना रडत रडतच मला म्हणाली, "काकी, शेवटचा शब्दसुद्धा तक्रारीचा." आणि मग आम्ही दोघी फोनवर हसलो. त्यांना ओळखणाऱ्यांना हे हसणं समजेल.

चांगुणाबाई वर्सोव्याच्या बाजूच्या कोळीवाड्यात राहायच्या आणि आमच्या अंधेरीच्या कॉलनीत बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी मासे घेऊन यायच्या. आमच्या तीन इमारतींमध्ये त्यांचा आवाज घड्याळासारखा होता. माझ्यासारख्या बाईला त्यांच्याशी जमवून घेणं सोपं गेलं नाही. तुम्हाला माझं स्वयंपाकघर माहीत आहे, प्रत्येक डब्यावर चिठ्ठी असते. मी पापलेट किती आणि कितीला हे कागदावर लिहून उभी राहायचे, आणि चांगुणाबाई त्या कागदाकडे बघून म्हणायच्या, "समुद्राला दाखवलास काय हा कागद? आज पापलेट नाय. मांदेली घे." त्या सगळ्यांना तू म्हणत. मला, आजोबांना, आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींना, एकदा रिक्षा अडवणाऱ्या पोलिसालाही. मी मात्र शेवटपर्यंत त्यांना अहो-जाहो करत राहिले, आणि त्यांना त्याची फार गंमत वाटायची. एवढी शिकलेली बाई आपल्याला घाबरते, असं त्या रंजनाला सांगत. ते अगदी खोटं नव्हतं.

मासा घेताना त्यांनी मला पहिल्याच वर्षी एक गोष्ट शिकवली. मी चमक बघून बांगडा निवडला होता. त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला, अंगठ्यानं कल्ला उचलला आणि आतला तपकिरी रंग दाखवला. वरून काय बघतेस, पाणी मारलं की सगळेच चमकतात, असं काहीतरी म्हणाल्या, आणि स्वतःचाच मासा स्वतःच नापास करून मला दुसरा दिला. मी घरी आल्यावर हे आजोबांना सांगितलं. आजोबा तेव्हा पुलांच्या खात्यात इंजिनिअर होते. ते म्हणाले, "या बाईंना आमच्या खात्यात घ्यायला हवं." तो नुसता विनोद होता, तेव्हा तरी.

आता पुलांकडे येते. मुंबईचे पूल म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर समुद्रावरचा मोठा पूल येतो, पण आजोबांच्या वाट्याला आयुष्यभर छोटे पूल आले. नाल्यावरचे, खाडीच्या फाट्यांवरचे, दोन वस्त्यांना जोडणारे. असे पूल कुणाला दिसत नाहीत. त्यांच्यावरून माणसं रोज जातात आणि आपण पुलावरून गेलो हे त्यांच्या लक्षातही येत नाही. नवा पूल बांधायचा असेल तर फीत कापायला माणसं मिळतात, पण जुन्या पुलाची डागडुजी हे कुणालाच न दिसणारं काम, म्हणून त्यासाठी पैसे नेहमी थोडे. आजोबांना दरवर्षी एक यादी करावी लागे, की कुठला पूल आधी दुरुस्त करायचा, कुठला पुढच्या वर्षी, आणि कुठल्या पुलाला नुसता रंग लावून देवावर सोडायचं. ती यादी करायचे दिवस आले की ते जेवताना गप्प असत. एखाद्या पुलाला मागे ढकलणं म्हणजे त्यावरून जाणाऱ्या माणसांना मागे ढकलणं, आणि ती माणसं आपल्याला कधी विचारायला येणार नाहीत, हे त्यांना फार टोचायचं.

ही गोष्ट घडली तेव्हा तुम्ही दोघंही जन्मला नव्हतात आणि आजोबांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. त्या वर्षी यादीत अकरा पूल होते आणि पैसे तीन पुलांपुरते. आतापर्यंत यादी साहेबांच्या अंदाजावर आणि ज्याचा आवाज मोठा त्याच्या अर्जावर ठरत असे. आजोबांना ते बदलायचं होतं. मी म्हटलं, मग मोजा. कुठला पूल किती खराब झालाय त्याला गुण द्या, त्यावरून किती माणसं जातात त्याला गुण द्या, आणि बेरीज करा. मी स्वतः तक्ता आखून दिला. अकरा ओळी, सहा रकाने, लाल आणि निळी शाई. मोजणीचा दिवसही मीच ठरवला. सगळीकडे एकाच दिवशी मोजलं तरच तुलना खरी होते, हे मी मुलांना शिकवतच होते. सोमवारी सुट्टीनंतरची गर्दी असते, शनिवार अर्धा दिवस, म्हणून आठवड्याच्या मधला गुरुवार. कॅलेंडर काढून नागपंचमी, रक्षाबंधन, गोकुळाष्टमी सगळं टाळलं. सुट्टी नाही, सण नाही, असा एक साधा गुरुवार मी शोधून काढला आणि आजोबांच्या हाताखालच्या लोकांनी त्या दिवशी अकरा पुलांवर बसून माणसं मोजली.

तक्ता इतका सुंदर झाला होता की मी तो जेवणाच्या टेबलावर काचेखाली ठेवला. तिसऱ्या क्रमांकावर आमच्याच कॉलनीच्या मागचा नाल्यावरचा पूल आला. मला वाटलं लोक काय म्हणतील, पण आकडे आकडे असतात. आमचे सेक्रेटरी पाटकर त्या पुलासाठी तीन वर्षं अर्ज लिहीत होते, त्यांनी तर बातमी कळताच पेढे वाटले. अकराव्या, म्हणजे शेवटच्या क्रमांकावर कोळीवाड्याचा पायपूल होता. कठड्याला नुकताच निळा रंग दिलेला, वरून अगदी नीटनेटका. आजोबा पाहायला गेले तेव्हा भरती होती, त्यामुळे खालून पाहता आला नव्हता. तसं त्यांनी रकान्यात लिहूनही ठेवलं होतं आणि ओहोटीला परत जाणार होते. पण माणसं इतकी कमी मोजली गेली, की परत जायचं कारणच उरलं नाही. यादीवर सही झाली आणि ती साहेबांकडे गेली.

आपल्याकडे श्रावणात मासे नसतात, नंतर गणपती येतात, त्यामुळे चांगुणाबाई दीड-दोन महिने दिसल्या नव्हत्या. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी त्या आल्या, पण बऱ्याच उशिरा, आणि एका पायावर जोर देत. आजोबा घरीच पेपर वाचत होते. मी पाणी दिलं आणि पायाला काय झालं विचारलं. त्या म्हणाल्या, पुलाच्या मधोमध एक फरशी बसली आहे, पाय आत गेला, टोपली वाचली पण घोटा मुरगळला. आता काही बाया रस्त्यानं वळसा घालून येतात, तासभर जास्त लागतो, रिक्षावाले मासळीची टोपली घेत नाहीत. मी त्यांना धीर द्यायला म्हटलं, काळजी करू नका, तुमचा पूल आमच्या यादीत आहे. आणि मोठ्या अभिमानानं काचेखालचा तक्ता दाखवला. त्यांना वाचता येत नव्हतं. वाचून दाखव म्हणाल्या. मी कोळीवाड्याची ओळ वाचली, दिवसभरात किती माणसं गेली तो आकडा वाचला.

त्यांनी काचेवर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "कवा मोजलं?"

मी सांगितलं, श्रावणात, एका गुरुवारी.

"अगो बाय, तू गुरुवारी मासे खातेस काय?"

मी नाही म्हटलं. "मग श्रावणात खातेस?" मी पुन्हा नाही म्हटलं. "मग मी कोणाला विकायला पुलावरून येऊ? तुझ्या तक्त्याला?" असं म्हणून त्या जमिनीवर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. आजोबांनी पेपर खाली ठेवला. माझी अवस्था काय झाली हे तुम्हाला सांगून समजणार नाही. ज्या बाईच्या घरात गुरुवारी आणि श्रावणात मासा शिजत नाही, जिच्या दारात त्याच कारणानं चांगुणाबाई दोन महिने आल्या नव्हत्या, त्याच बाईनं कोळणींचा पूल मोजायला श्रावणातला गुरुवार निवडला होता. तोही लाल शाईनं.

हसू ओसरल्यावर आजोबांनी त्यांना खरी अडचण सांगितली. पूल अकरा आहेत आणि पैसे तीन पुलांपुरते. तुमचा घ्यायचा तर तीनमधला एक काढावा लागेल, आणि तोही कुणाचा तरी रोजचा पूल असेल. मला वाटलं, बाई भांडतील. त्यांनी उलट बाकीच्या पुलांची चौकशी सुरू केली. हा कुठला, तिथे कोण राहतं, तो बंद झाला तर त्यांना दुसरी वाट हाय काय... एकेक करून सगळे विचारले. मग टोपलीवरचं ओलं फडकं बाजूला केलं. आत थोडासा बर्फ होता आणि तो सगळा एका कोपऱ्यात, बोंबलांवर. सुरमई आणि पापलेट तशीच, नुसत्या ओल्या फडक्याखाली.

"सायबा, हे बघ," त्या म्हणाल्या. "बर्फ थोडा हाय. महाग सुरमई हाय, पण ती दुपारपर्यंत दम धरते. बोंबील नाय धरत. मग बर्फ आधी कोणाला?"

आजोबा म्हणाले, "बोंबलाला."

"मग तुला येतंय की. माझ्या पायाकडं बघून पूल घेऊ नको. खाली जाऊन बघ, तो दम धरतो काय. धरत असला तर माझा राहू दे."

आजोबा उठून टेबलापाशी आले. त्यांनी काच उचलली, तक्ता बाहेर काढला आणि माझ्याकडून पट्टी मागितली. मी एक सातवा रकाना आखला. त्याला नाव काय द्यायचं यावर आमची थोडी चर्चा झाली. शेवटी साधंच लिहिलं, 'बंद झाला तर माणसं कुठून जातील?' मग आठवा आखला, 'किती दिवस दम धरेल?' सरकारी कागदावर दम हा शब्द चालणार नाही असं मी म्हटलं, पण त्यांनी तो तसाच ठेवला.

पुढच्या बुधवारी सकाळी ओहोटी होती. आम्ही दोघंही उजाडताच कोळीवाड्यात पोचलो. मी वहीवर मोजायला एका टोकाला बसले आणि आजोबा पँट दुमडून, हातोडी घेऊन चिखलात उतरले. त्यांची तपासायची पद्धत साधी होती. ते काँक्रीटवर जागोजागी हातोडीनं ठोकत आणि कान देऊन ऐकत. चांगलं असेल तर टणटण वाजतं, आतून सुटलेलं असेल तर बद्द. इकडे पुलावर टोपल्या यायला लागल्या. बसलेली फरशी टाळायला बाया कठड्याच्या कडेनं चालत होत्या आणि जाता जाता खाली वाकून आजोबांची थट्टा करत होत्या. एकीनं विचारलं, काय सायबा, चिंबोऱ्या सापडल्या काय. दुसरी म्हणाली, त्याला पकडू दे, पोलीस पकडतात तसा पूल पकडतोय. मी मोजत होते. थोड्या वेळानं माझ्या लक्षात आलं की हिरव्या लुगड्याची, पदराला ठिगळ लावलेली एक बाई तिसऱ्यांदा माझ्यासमोरून जाते आहे. मग एक जांभळं लुगडं दुसऱ्यांदा आलं. मी पेन्सिल खाली ठेवली आणि चांगुणाबाईंकडे पाहिलं. त्या समुद्राकडे बघत होत्या, म्हणजे बघायचं ढोंग करत होत्या.

"तू वर्गातपण अशीच असतेस काय गो?" त्या म्हणाल्या.

"याहून कडक असते," मी म्हटलं, आणि परत परत आलेल्या सगळ्या बाया त्यांच्यासमोर खोडल्या. खोडूनही माझी तीन पानं भरली. श्रावणातल्या गुरुवारी अर्धं पानही भरलं नव्हतं. चांगुणाबाईंना ते पाहून जरा खजील व्हायला झालं. मला म्हणाल्या, मग उगीच पोरींना पळवलं. त्या पोरींतली सगळ्यात लहान पन्नाशीची असेल.

तेवढ्यात खालून आजोबांचा आवाज आला. त्यांनी सगळ्यांना पुलाच्या मधून बाजूला व्हायला सांगितलं. तो आवाज मी लग्नानंतर दोन-तीनदाच ऐकला होता. थट्टा थांबली. ते वर आले तेव्हा गुडघ्यापर्यंत चिखल होता आणि हातात काँक्रीटचा एक तुकडा होता, बिस्किटासारखा. बोटांनी दाबला तर चुरा होत होता. खारट हवेनं आतल्या सळया गंजून फुगल्या होत्या आणि त्यांनी काँक्रीट सोलून टाकलं होतं. निळ्या कठड्याखाली सगळ्या मधल्या भागाला बद्द आवाज येत होता. त्यांनी चांगुणाबाईंच्या हातात तो तुकडा ठेवला आणि म्हणाले, "कल्ला उचलून बघितला." त्यांनी तुकडा उलटसुलट केला आणि एवढंच म्हणाल्या, "शिळा झाला."

दोन दिवसांत पुलाखाली लोखंडी टेकू लागले आणि एका वेळी एकीनंच जायचं असं ठरलं. ते सोपं काम होतं. अवघड काम पुढे होतं. सही होऊन गेलेली यादी परत मागवायची, आपली मोजणी चुकीच्या दिवशी झाली असं लेखी द्यायचं, आणि तीनमधला एक पूल काढायचा. नव्या रकान्यांसह बेरीज केली तेव्हा कोळीवाड्याचा पूल पहिला आला, आणि चौथा... आमच्या कॉलनीचा. तो जुना होता, त्याला भेगा होत्या, पण आजोबांनी त्याच्याखालीही दोनदा जाऊन ठोकून पाहिलं. टणटण वाजत होता. शिवाय तो बंद झालाच तर आम्हाला दहा मिनिटांचा वळसा होता, बस. आजोबा त्या रात्री नीट जेवले नाहीत. साहेबांपुढे चूक कबूल करायचं त्यांना काही वाटत नव्हतं. पण त्याच इमारतींमध्ये आम्हाला राहायचं होतं. मी म्हटलं, चूक माझी आहे, पत्रात माझं नाव लिहा. ते म्हणाले, सरकारी पत्रात बायकोचं नाव लिहीत नाहीत, आणि तू तक्त्यात दिवस लिहिला नसतास तर चूक कुठे झाली हेही कळलं नसतं. साहेबांच्या अंदाजात गुरुवार कुठे दिसतो? हे वाक्य मी तेव्हापासून जपून ठेवलं आहे.

साहेब सिंधुदुर्गातले होते. पत्र वाचून त्यांनी आजोबांना बोलावलं आणि पहिला प्रश्न विचारला, "अहो, तुम्ही मालवणचे ना? आणि गुरुवारी?" नंतर मात्र सातवा आणि आठवा रकाना नीट वाचला, आणि यादी बदलली. चूक कुणी दाखवून दिली या जागी आजोबांनी लिहिलं होतं, 'स्थानिक मासेविक्रेत्या, अनुभव चाळीस वर्षे.'

कॉलनीत मात्र वाईट झालं. पाटकरांनी पेढे वाटले होते, त्यामुळे त्यांचं तोंड कडू होणं साहजिक होतं. सभेत ते म्हणाले, लोक स्वतःच्या दारातला रस्ता आधी करून घेतात, आमच्याकडे उलटा कारभार आहे. कुणी म्हणालं, वहिनी, पूल तर तुमच्या घरातच होता की, कुठे पाठवलात? खबरदारी म्हणून आमच्या पुलावरून गाड्या बंद केल्या, चालणाऱ्यांनाही एकाच बाजूनं जायला सांगितलं, आणि पुढे काही आठवडे, जलवाहिनीच्या कामासाठी, तो पूर्णच बंद झाला. लोक वळसा घालत आणि वळसा घालताना आमच्या खिडकीकडे बघत. मीही वळसा घालतच शाळेत जायचे. आजोबा जिन्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला समजावून सांगत, आणि प्रत्येक जण मान डोलवून निघून जाई. त्या महिन्यांत आमच्या घरी दिवाळीच्या फराळाचं ताट फक्त दोन घरांतून आलं. तुम्हाला आता हे क्षुल्लक वाटेल. तेव्हा वाटलं नव्हतं.

हे चांगुणाबाईंना कुणी सांगितलं मला माहीत नाही. पण एका रविवारी त्या कॉलनीत आल्या आणि नेहमीसारख्या फाटकाशी न थांबता थेट पाटकरांच्या दारात गेल्या. मी वरून ऐकत होते. त्या म्हणाल्या, "तुमचा पूल बंद, म्हणून कोणी बाजारात जाऊ नका. मी वळसा घालून येईन, तिन्ही इमारतींत, वरच्या माळ्यापर्यंत." पाटकर वहिनींनी विचारलं, मग भाव जरा कमी कराल का. "भाव कशाला कमी करू?" चांगुणाबाई म्हणाल्या. "वाट माझी लांब झाली, मासळीची नाय." आणि खरोखर, पुढचं सगळं वर्ष, पुढच्या यादीत पहिला नंबर लागून आमचा पूल दुरुस्त होईपर्यंत, त्या डोक्यावर टोपली घेऊन ते जिने चढल्या. श्रावण-गणपती सोडले तर एकही बुधवार चुकवला नाही. पहिल्या महिन्यात पाटकर दार अर्धंच उघडत. तिसऱ्या महिन्यात त्या त्यांच्या दिवाणखान्यात बसून चहा पीत होत्या आणि त्यांना बर्फ आणि बोंबलाचा हिशेब समजावून सांगत होत्या. जे आजोबांना तीनशे वेळा सांगून जमलं नव्हतं, ते त्यांनी टोपलीवरचं फडकं उचलून एकदा दाखवलं. पुढच्या दिवाळीत पाटकरांचं ताट सगळ्यात आधी आलं, आणि त्यात चिरोटे होते.

आजोबा निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या खात्यात 'आधी बोंबलाला' हा शब्दप्रयोग रूढ झाला होता. नवीन आलेल्या मुलींना आणि मुलांना त्याचा अर्थ जुने लोक सांगत. समारंभाला चांगुणाबाई नव्या नऊवारीत, अंगावर सगळे दागिने घालून आल्या आणि पहिल्या रांगेत बसल्या. भाषणात कुणीतरी आजोबांच्या शास्त्रीय पद्धतीचं कौतुक केलं, तेव्हा त्या माझ्या कानात म्हणाल्या, गुरुवारचं सांगत नाय वाटतं. मला हसू आवरेना आणि साहेबांच्या भाषणात मी खोकल्याचं सोंग केलं.

तुम्ही तिला भेटलात ते खूप नंतर. तोवर तिनं टोपली रंजनाकडे दिली होती आणि नुसती गप्पा मारायला यायची. (बघा, लिहिता लिहिता मी तिला एकेरीत बोलायला लागले. ती असती तर म्हणाली असती, मेल्यावर सुचलं.) निषाद, तू पाच वर्षांचा असताना तिनं तुझी हनुवटी धरून सांगितलं होतं की हा फ्रीजमधला मासा खातो म्हणून एवढा फिका आहे. इरा, तुला तिनं जिवंत खेकडा कसा धरायचा ते शिकवलं आणि तू तो सोडलास, आणि तो आमच्या कपाटाखाली गेला, आणि आजोबा पोटावर झोपून झाडूच्या दांड्यानं त्याला काढत असताना ती खुर्चीत बसून सूचना देत होती. त्या दिवसाइतकं घर त्यानंतर हसण्यानं हललेलं नाही.

आम्ही शेवटचे भेटलो ते या वर्षीच्या होळीच्या आधी. ती अंगणात बसून रंजनानं आणलेल्या मासळीतून नापास झालेली वेगळी काढत होती. डोळ्यांना कमी दिसत होतं, पण अंगठा तसाच चालत होता. आजोबांना म्हणाली, तुझे पूल कसे आहेत. ते म्हणाले, आता माझे नाहीत. ती म्हणाली, मग कोणाचे आहेत?... दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा हातोडी पिशवीत घालून फिरायला गेले, आणि आल्यावर खात्यातल्या त्यांच्या जुन्या सहकाऱ्याला फोन करून कुठल्या तरी नाल्यावरच्या पुलाबद्दल अर्धा तास बोलत राहिले. इरा, आजोबा का रडले याचं उत्तर मला वाटतं इथे आलं. आपण आयुष्यभर हे पूल कुणासाठी सांभाळत होतो, हे त्यांना एकाच बाईनं एका वाक्यात विचारलं होतं, आणि तिला ते खरोखर जाणून घ्यायचं होतं.

एक गोष्ट सांगायची राहिली. कोळीवाड्याच्या पुलाचं काम चालू असताना चांगुणाबाई रोज तिथे जाऊन बसायची. एकदा आजोबांना म्हणाली, डोक्यावरची टोपली एकटीला खाली ठेवता येत नाही, ठेवली तर परत एकटीला उचलता येत नाही. दुसरी बाई येईपर्यंत उभं राहावं लागतं, मान मोडते. नकाशात असं काही नव्हतं. तेवढ्या विटा-सिमेंटसाठी आजोबांनी नवा नकाशा केला नाही. पुलाच्या दोन्ही टोकांना, कठड्याला लागून, खांद्याच्या उंचीचा एकेक ओटा बांधून घेतला. उंची मोजायला चांगुणाबाई स्वतः टोपली घेऊन उभी राहिली होती.

पाच आठवड्यांपूर्वीच्या त्या बुधवारी तिला शेवटचा निरोप देऊन आम्ही पुलावरूनच परत आलो. समोरून एक तरुण बाई आली, मी तिला ओळखत नाही. तिनं टोपली डोक्यावरून ओट्यावर सरकवली, पदरानं मान पुसली, फोनवर कुणाशी तरी चार वाक्यं बोलली, खांदा खाली लावून टोपली परत डोक्यावर घेतली आणि गेली. तिला कुणाच्या मदतीची गरज पडली नाही. आजोबा तिथे थांबले, आणि मीही ओट्यावर हात ठेवून पाहिला.

पूल शाबूत आहे. ओटे दोन्ही टोकांना आहेत, आणि त्यांची कड टोपल्यांनी घासून गुळगुळीत झाली आहे.